वेग वाढवायचा की कोन सुधारायचा?

चेंडू लांब टाकायचा तर दोन वाटा: जोर वाढवा, नाहीतर कोन नीट धरा. माझा कल उघडच वेगाकडे आहे.

हवेचा विरोध तूर्त बाजूला ठेवू. सपाट जमिनीवरून सेकंदाला १० मीटर वेगाने, ४५ अंशांत सुटलेला चेंडू सुमारे १०.२ मीटरवर पडतो. वेग २० केला की पल्ला दुप्पट नाही, चौपट होतो: जवळपास ४०.८ मीटर. कारण चेंडू १.४४ सेकंदांऐवजी २.८९ सेकंद हवेत राहतो, आणि तेवढा सगळा वेळ दुप्पट वेगाने पुढेही सरकतो. दोनदा दोन.

कोनाचं तसं नाही. ४५ चे ३५ अंश झाले तरी पल्ला जेमतेम ६ टक्के घटतो. ५५ झाले तरी तेवढाच. वेगात मात्र १० टक्के भर घातली की पल्ला २१ टक्के वाढतो. गोळाफेकपटूही ४५ च्या मागे लागत नाहीत. गोळा खांद्याच्या वरून सुटतो हे एक, शिवाय फार उभं ढकलताना जोर कमी पडतो.

खऱ्या हवेत चौपटीचा हिशेब फसतो, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा विरोधही साधारण चौपट होतो. प्लॅस्टिकचा हलका चेंडू कितीही जोरात फेका, मध्येच दम सोडतो. लोखंडी गोळ्याला त्याचं फारसं काही वाटत नाही.