स्कार्लेट टूआयटू: गाणाऱ्यांनी सोलोऐवजी हाच घ्यावा

स्कार्लेट टूआयटू आणि सोलो हे फोकसराइट कंपनीचे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणारी उपकरणं. परळच्या चाळीत कंडेन्सर हा बारीक आवाजही टिपणारा माईक लावला की शेजारचा कुकरही गाण्यात येतो. म्हणून मी एसएम५८ या कमी संवेदनशील डायनॅमिक माईकवर गाते, आणि त्याला गेन, म्हणजे माईकचा सिग्नल वाढवण्याची ताकद, भरपूर लागतो. फोकसराइटच्या चौथ्या पिढीच्या सोलोत तो ५७ डेसिबल मिळतो, टूआयटूत ६९. मंद्रातला पंचम हळू लावला तरी भरीव येतो, मागे सूं आवाज नाही. माईकचे इनपुट दोन, त्यामुळे पेटी वेगळ्या ट्रॅकवर घेता येते. सोलोत माईक एकच. ऑटो गेन आपोआप पातळी छान लावतो, पण तार सप्तकातल्या तानांसाठी मी ती थोडी खाली घेते. डायरेक्ट मॉनिटर चालू ठेवा, त्याने माईकचा आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट कानात येतो, हेडफोनमध्ये आवाज मागे राहत नाही. १९२ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात त्या आकड्याला) भुलू नका, गाण्याला ४८ पुरतात.