३-९ बाय ४० स्कोप, स्प्रिंग एअरगनवर: आधी शिव्या, मग माफी, मग परत शिव्या

तक्रार करून कंपनीला पाठवलेलं पार्सल आज परत आलं. आत स्कोप (बंदुकीवरची नेमाची दुर्बीण, ३ ते ९ पट झूम, पुढची काच ४० मिलिमीटर), बबल रॅप आणि एक छापील चिठ्ठी: नो फॉल्ट फाउंड. कुरिअरचे ३४० रुपये माझ्या खिशातून. वर नेम हलवायच्या एका नॉबचं टोपण गायब. फोन केला तर पलीकडच्या ताई म्हणतात, "सर, आमच्याकडे आलं तेव्हाच नव्हतं." पॅक करताना मी फोटो काढलाय, त्यात दोन्ही टोपणं स्वच्छ दिसतात. फोटो पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

मॉडेल सांगत बसत नाही. एअरगनवाल्यांना तो पाठ आहे. एकच काळा स्कोप, नावं चार, सोबत तो बंदुकीवर धरायला दोन सुट्या रिंगा आणि खेळण्यातली वाटावी अशी ॲलन की. दिवाळीआधी ३,२०० ला घेतला. बंदूक साधी, नळी मोडून भरायची, स्प्रिंगवाली, पॉइंट १७७ इंची छऱ्याची, २० जूलच्या आतली, म्हणजे परवाना न लागणारी. रावेरकडे केळीचा बाग आहे म्हटलं की लोक लगेच रानडुकरांचं विचारतात. त्यांना एकदाच सांगतो: १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि ४.५ मिलिमीटरच्या छऱ्याने डुक्कर मरत नाही, नुसतं जखमी होऊन तडफडतं. माझं कागदावर भागतं. कागदावर बायकोची टिकली चिकटवायची, २० मीटरवर, मागे गोधड्या ठासून भरलेलं खोकं आणि त्याच्याही मागे मातीचा बांध.

तक्रार अशी की हा स्कोप झिरो, म्हणजे एकदा जुळवलेला नेम, धरत नाही. रविवारी टिकलीवर आणून ठेवावा, पुढच्या रविवारी छर्रा सहा सेंटिमीटर खाली-उजवीकडे. खोक्यावर लिहिलंय, नॉबची एक क्लिक म्हणजे पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग). १०० मीटरवर ते सात मिलिमीटरच्या आसपास, २० मीटरवर जेमतेम दीड. म्हणजे सहा सेंटिमीटर वर यायला चाळीसेक क्लिक. टक-टक-टक, बोटाचं कातडं सोलेपर्यंत. आठवड्याने परत तेच. जानेवारीत नॉब शेवटाला जाऊन अडला.

त्यातच शेतावर भरीत पार्टी ठरली. वांगी पऱ्हाटीच्या जाळावर, पाहुणे खाटांवर, आणि भाच्याने सगळ्यांना सांगितलेलं की मामा टिकली उडवतो. पोरगं २०२४ च्या ऑगस्टपासून, कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीचं कांस्य मिळालं तेव्हापासून, पेटलेलंच आहे. त्या रायफलींना स्कोप नसतोच, बारीक भोकाची पीप साइट असते, हे सांगून झालं, ऐकतो कोण. पाच छर्रे मारले. टिकली शाबूत, कागदही शाबूत, पाचही खोक्याच्या खालच्या फळीत. आबा खाटेवरूनच बोलले, "भाऊ, तुनी बंदूक चांगली शे, तुना डोया खराब शे." दुसऱ्या दिवशी स्कोप काढून कुरिअरला दिला.

इथपर्यंत फेब्रुवारीत रागात लिहिलं होतं. टाकायचं राहून गेलं आणि बरं झालं, कारण चिठ्ठीतले तीन शब्द खरे निघाले. स्कोपमध्ये फॉल्ट नव्हता.

बायकोचे काका वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेत, तिथे लहान हत्यारांचा दारूगोळा बनतो. होळीला आले, तेव्हा मी नॉब फिरवतोय हे ते बराच वेळ नुसतं बघत होते. मग म्हणाले, "जावईबापू, तुम्ही प्रत्येक गोळीच्या मागे पळताय. पाच मारा, नॉबला हात लावू नका." मारले. पाचांचा पुंजका कुठे पडला ते पाहायचं, त्याचा मध्य काढायचा आणि तेवढंच फिरवायचं. एकट्या छऱ्यावर कुणी निकाल देत नाही म्हणाले. त्यांनी शिसपेन्सिल मागितली, मागच्या रिंगेला लागून रेलवर, म्हणजे रिंगा जिच्यावर आवळतात त्या बंदुकीच्या पट्टीवर, एक बारीक रेघ ओढली आणि चहाला निघून गेले. तीसेक छऱ्यांनंतर बोलावलं. रिंग आणि रेघ यांच्यात दोन मिलिमीटरची फट पडली होती. स्कोप रिंगांसकट मागे सरकत होता!

ज्यांना माहीत आहे ते हसतील. स्प्रिंग बंदुकीत पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा बंदूक मागे ढकलली जाते, आणि पिस्टन टोकाला अडला की तीच बंदूक पुढे हिसका खाते. स्कोप जडत्वाने तिथेच राहू बघतो, म्हणजे रेलवर मागे येतो. सरकताना जरा तिरका झाला तरी खेळ संपला. दोन रिंगांत दहा सेंटिमीटर अंतर धरा. एक रिंग वहीच्या कागदाच्या जाडीइतकी, ०.१ मिलिमीटर उचलली गेली, तर २० मीटरवर नेम दोन सेंटिमीटर हलतो. मी तिथे चाळीस-चाळीस क्लिक मारत होतो.

आणि आता खऱ्या शिव्या. माझ्या बंदुकीच्या रेलच्या मागच्या टोकाला एक भोक आहे. ते कशासाठी हे मला चार महिने कळलं नव्हतं. मला वाटलं तेल सोडायचं असेल. त्यात माउंटची, म्हणजे स्कोप धरणाऱ्या रिंगांची, पिन उतरते, म्हणजे माउंट मागे येऊच शकत नाही. या रिंगांना ती पिनच नाही. जाहिरातीत मात्र "एअरगनसाठी खास" असं ठळक छापलंय. अरे, पिन म्हणजे काय, अर्ध्या इंचाचा स्क्रू! हार्डवेअरच्या दुकानात असे स्क्रू मुठीने मोजतात. तेवढा वाचवण्यासाठी माझे ३४० रुपये, छऱ्यांचे दोन डबे आणि आबांसमोरची इज्जत गेली. चार जणांना मी हा स्कोप घेऊ नका म्हणून सांगितलं होतं, त्यांना आता कोणत्या तोंडाने सांगू?

६५० रुपयांचं पिनवालं सलग माउंट मागवलं. बसवताना क्रॉस, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या उभ्या-आडव्या रेघा, सरळ करायला काकांनी गवंड्याचा ओळंबा आणायला लावला. गोठ्याच्या चुन्याच्या भिंतीवर टांगला, दोरी स्थिर होऊ दिली, बंदूक पाटावर लेव्हल केली आणि स्कोप रिंगेत फिरवत उभी रेघ दोरीवर आणली. मी आजवर हे अंदाजाने करायचो आणि क्रॉस चांगलाच कलंडलेला होता. कललेल्या क्रॉसने वर घ्यायला गेलं की छर्रा बाजूलाही जातो. मग स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे. दस्ता मुठीत आवळायचा नाही, हातावर नुसता टेकवायचा. स्प्रिंग बंदुकीला आवळलं की पुंजका पसरतो.

एप्रिलपासून आजपर्यंत झिरो हललेला नाही. पाच छर्रे दोन रुपयांच्या नाण्याखाली झाकले जातात. काच या किमतीला छान आहे, सहापर्यंत झूम स्वच्छ, नऊला कडा दुधाळ. पॅरॅलॅक्स (कोणत्या अंतरावर डोकं हललं तरी क्रॉस हलत नाही ते) १०० यार्डांवर बांधलेला असल्याने २० मीटरवर डोकं हललं की क्रॉस टिकलीवरून फिरतो, म्हणून गाल रोज त्याच जागी टेकवावा लागतो. दुसरी खोड: क्लिक दिल्यावर स्कोपच्या आतली, नेम हलवणारी नळी लगेच हलत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने नॉबवर हलकेच दोन टिचक्या मारल्या की मगच जागेवर येते. हे कळायच्या आधी मी एक क्लिक देऊन काही झालं नाही म्हणून आणखी चार द्यायचो, आणि पुढच्या हिसक्याला पाचही एकदम लागू व्हायच्या.

मेमध्ये आमच्याकडे पारा ४४-४५ ला. दहाच्या पुढे जमिनीवरची झळ स्कोपमधून पाण्यासारखी नाचते, टिकली एका जागी राहत नाही. तेव्हा सकाळी साडेसहा, फार तर सव्वासात.

टोपण अजून आलेलं नाही. तीन मेल झाले. सध्या डोळ्यांच्या ड्रॉप्सच्या बाटलीचं झाकण आतून कापून बसवलंय, पांढरं. आबांनी परवा ते पाहिलं आणि विचारलं, औषध बंदुकीला घालतोस का डोळ्यात?