माराथेफ्तिको लावू की माव्रो?

सायप्रसच्या डोंगरउतारावर रेड वाइनसाठी बाग लावताना द्राक्षाच्या या दोन काळ्या स्थानिक जातींमधला हा पेच पडतोच.

फळधारणेत माराथेफ्तिको नाजूक. त्याची फुलं प्रत्यक्षात मादीच. एकट्याची सलग लागण केली की फुलगळ होते, घड विरळ राहतात, मणी लहान-मोठे. म्हणून परागीकरणासाठी स्पूर्तिको या पांढऱ्या जातीसारखी दुसरी जात ओळींमध्ये हवीच. माव्रो स्वतःच फळतो, उत्पन्नही भरपूर.

वाइनमध्ये मात्र पारडं फिरतं. माव्रोचे मणी मोठे, सालीच्या मानाने रस जास्त, त्यामुळे रंग फिका, टॅनिन (सालीतून येणारा तुरटपणा) कमी. माराथेफ्तिको गडद, भरदार, बॅरलमध्ये मुरवण्याजोगा.

उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची गोड कोमांदारिया किंवा लवकर प्यायची हलकी वाइन करायची तर माव्रो घ्या. मुरवायच्या बाटलीसाठी माराथेफ्तिकोच, पण आधी स्पूर्तिकोच्या ओळी आखून.