एचिगो-युझावाचं पोनशुकान: साके चाखायची तर इथे

साके, म्हणजे जपानची तांदळाची दारू, ही गरम करून प्यायची कसलीतरी दारू एवढंच माहीत असेल आणि तुम्ही टोकियोत किंवा आसपास असाल तर सरळ निगाता प्रांतातलं एचिगो-युझावा गाठा. जोएत्सु शिंकानसेन या बुलेट ट्रेननं दीडेक तास लागतो, पोनशुकान, म्हणजे साके चाखायचं ठिकाण, स्टेशनातच आहे, त्यामुळे गाडी कोण चालवणार ही भानगडच नाही. बाहेर पिऊन आडव्या झालेल्या सूटवाल्याचा पुतळा आहे, त्याच्यासोबत फोटो सगळेच काढतात, आपणही काढायचा.

आत भिंतभर मशिन्स, शंभरच्या आसपास, सगळी साके निगाता प्रांतातलीच. मी गेलो तेव्हा ५०० येनला एक छोटा कप आणि ५ नाणी मिळाली, म्हणजे साधारण तीनेकशे रुपये. कप खाली ठेवा, नाणं टाका, बटण दाबा, बरोब्बर घोटभर पडते. काही भारीतल्यांना जास्त नाणी लागतात.

आता खरं सांगतो, नुसत्या दायगिंजोच्या मागे लागू नका. दायगिंजो म्हणजे तांदळाचा दाणा घासून घासून ५० टक्के किंवा त्याहून कमी उरवलेला, वास एकदम खरबूज-केळ्यासारखा, पहिला घोट वा वा, पण मी घेतलेली एक महागडी (नाव नको) दुसऱ्या घोटाला अत्तर प्यायल्यासारखी वाटायला लागली. त्यापेक्षा साधी होन्जोझो घ्या, म्हणजे तांदूळ कमी घासलेली, थोडं अल्कोहोल वरून घातलेली साके. निगाताची खासियत म्हणजे 'तानरेई काराकुची', हलकी आणि कोरडी (म्हणजे गोडवा कमी), बर्फ वितळून येणारं पाणी मऊ, त्यात खनिजं कमी म्हणून यीस्ट सावकाश चालतं, आणि गोह्याकुमानगोकु नावाचा तांदूळ, त्यानं चव स्वच्छ येते. नुसती प्यायली तर पाणचट वाटेल, पण तिथेच वेगवेगळ्या मिठांची रांग मांडलेली असते, हाताच्या पाठीवर चिमूटभर घ्या, चाटा आणि मग घोट घ्या. तीच साके एकदम गोडसर लागते, तांदळाची चव पुढे येते, मी तर हा प्रकार करत बसलो आणि नाणी कधी संपली कळलंच नाही 😄 काकडी आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) पण मिळतो, शाकाहारी मंडळींची सोय झाली.

एक टिप: आकडा बघून घ्या. 'निहोन्शुदो' म्हणजे साके किती गोड किंवा कोरडी ते सांगणारा आकडा, तो प्लसमध्ये जितका जास्त तितकी साधारणपणे कोरडी, मायनस म्हणजे गोडाकडे. आणि साके थंडगार असेल तर कप थोडा वेळ मुठीत धरा, वास उघडतो. अल्कोहोल १५-१६ टक्के असतं, बिअरसारखी ढोसू नका, मध्ये पाणी प्या.

आवडलेली बाटली शेजारच्या दुकानात मिळते. भारतात न्यायची असेल तर 'नामा' लिहिलेली घेऊ नका, ती पाश्चराइज केलेली नसते, फ्रिजबाहेर पुण्यापर्यंत तिची वाट लागते. आणि कस्टम्सला माणशी २ लिटरच चालतात, त्यामुळे घरच्यांसाठी ३०० मिलीच्या छोट्या बाटल्या बऱ्या.