सोलापूरची हुरडा पार्टी: पैसे कशाचे द्यावेत आणि कशाचे नाही

डिसेंबर अर्धा सरला की सोलापूरहून बाहेर पडणाऱ्या बार्शी, तुळजापूर, मंगळवेढा, अक्कलकोट अशा सगळ्या रस्त्यांवर हुरडा पार्टीचे फलक दिसू लागतात. माणशी दर, त्यात हुरडा, एक जेवण, बैलगाडीची फेरी, झोपाळे आणि कुठे कुठे पतंग किंवा रेन डान्ससुद्धा. नाताळच्या सुट्टीत घरातल्या सगळ्या वयाच्या माणसांना एकत्र नेण्यासाठी शहराजवळ याहून चांगली गोष्ट नाही. मात्र फलकावरच्या यादीला भुलू नये. पार्टीचा दर्जा ज्वारीचं कणीस आणि ते भाजायची आगटी (गोवऱ्यांच्या निखाऱ्याचा खड्डा) या दोनच गोष्टींवर ठरतो. त्या जमल्या नसतील तर बाकी सगळं फुकट मिळालं तरी महाग.

आधी कणीस. फोनवर पहिला प्रश्न 'वाण कोणता?' हाच असावा. गूळभेंडी म्हणाले तर उत्तम: दाणा टपोरा, गोड आणि बोंडातून, म्हणजे वरच्या टरफलातून, सहज सुटणारा. सुरती आणि कुचकुची हेही खास हुरड्याचेच वाण, तर फुले मधुर हा राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठीच काढलेला. मालदांडी भाकरीला अव्वल, पण तिच्या हुरड्यात दाणा बोंडाला धरून बसतो आणि गोडीही बेताची. 'ज्वारीचाच आहे हो, सगळा सारखाच' असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावावा.

वाणाइतकीच वेळ महत्त्वाची. रब्बी ज्वारी पेरल्यापासून साधारण तीन महिन्यांनी हुरड्यात येते आणि एका पेऱ्याचा हुरडा जेमतेम आठवडाभर टिकतो. म्हणून जाणते शेतकरी आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्यांनी पेरतात आणि हंगाम जानेवारी अखेरपर्यंत ओढतात. परतीचा पाऊस लांबलेल्या वर्षी पेराच उशिरा होतो. अशा वर्षी नाताळात कणसं कोवळी असण्याची शक्यता मोठी, तेव्हा जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा धरावा. शेतावर पोचल्यावर एक दाणा नखाने दाबून पाहावा. पांढरं दूध उडालं तर कोवळा, भाजल्यावर सुरकुतणार. मऊ कणकेसारखा दबला तर अगदी बरोबर. नख रुतलंच नाही तर तो हुरडा राहिला नाही, ज्वारी झाली.

कणसं त्याच सकाळी, त्याच रानातून काढलेली हवीत. आदल्या दिवशी तोडून पोत्यात भरलेल्या कणसांचा ओलावा आणि गोडी दोन्ही उतरतात. ज्या ठिकाणी उभं पीक दिसतच नाही, तिथे माल बाहेरून येतो हे उघड आहे. फवारणीचंही जरूर विचारावं. चिकट्यासाठी किंवा अळीसाठी मारलेलं औषध किती दिवसांपूर्वीचं, हे महत्त्वाचं; कारण हा दाणा न धुता पोटात जातो. काळी काणी (काळ्या भुकटीचा बुरशीरोग) धरलेलं कणीस दिसलं तर ते बाजूला काढायला सांगावं.

आता आगटी. वीतभर खोल खड्डा, त्यात रचलेल्या गोवऱ्या. पाहुणे येण्याआधी अर्धा-पाऊण तास ती पेटवलेली असली पाहिजे, म्हणजे ज्वाळ आणि धूर दोन्ही संपून लाल निखारा आणि वर राखेचा पातळ थर उरतो. गोवरीच हवी, कारण तिची धग मंद आणि सारखी राहते. लाकडाची ज्वाळ बोंड जाळते, दाणा आत कच्चाच राहतो आणि वर धुराचा वास बसतो. दांडा बाहेर ठेवून कणसं निखाऱ्यात खुपसायची, गरम राख ओढायची, फिरवत राहायचं. चार-पाच मिनिटांत खमंग वास सुटतो, बोंड तपकिरी होतं, पण दाणा हिरवाच हवा. दाणे तडतडू लागले तर उशीर झाला.

कणीस गरम असतानाच चोळावं लागतं; निवलं की बोंड पुन्हा चिकटतं. चोळणाऱ्याचे तळहात सरावलेले असतात. नवख्यांनी गोणपाटाच्या तुकड्यात धरून चोळावं, मग सुपात पाखडून तूस काढावं. लहान मुलांच्या हातात न पाखडलेला हुरडा देऊ नये, कारण कुसळ घशात अडकून ठसका लागतो. सुपातून ताटात आणि ताटातून तोंडात, पाच मिनिटांत. त्यापुढे तो चिवट होतो.

मोठ्या पार्ट्या इथेच फसतात. एक भाजणारा आणि एक चोळणारा मिळून एका आगटीवर आठ-दहा जणांनाच गरम हुरडा पुरवू शकतात. चाळीस जणांना एकच आगटी असेल तर बहुतेकांच्या वाट्याला आधीच सोललेला, कढईत परतलेला हुरडा येतो. तो घरीही करता येतो. म्हणून आगट्या किती, हे बुकिंगआधीच विचारावं आणि शक्यतो रविवार टाळावा.

सोबतीला शेंगाचटणी हवी, तीही उखळात कुटलेली. कुटताना दाण्याचं तेल सुटतं, तेच तिचं मर्म. शिवाय लसणाची चटणी, दही, गूळ, रेवडी, बोरं, उसाची कांडकी. हुरडा जड असतो. माणशी पाव किलो पुष्कळ झाला आणि त्यावर पाण्यापेक्षा ताक बरं. जेवण दोनच्या आत मागू नये. भाकरी, भरीत, ठेचा एवढं असलं की पुरे. पनीरची भाजी मांडणाऱ्यांचं लक्ष शेताकडे कमी असतं.

जायची वेळ सकाळी दहाची. सोलापुरात थंडीतही दुपारचं ऊन चटका देतं, तेव्हा सकाळी स्वेटर आणि दुपारी टोपी, दोन्ही लागतात. रानात शिरायचं असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, ज्वारीचं पान कापतं.

बाहेरगावहून येणाऱ्यांनी संक्रांतीच्या सुमारास यावं, कारण तेव्हा सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या सजवलेल्या उंच काठ्या), अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक आणि भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. पांढऱ्या बाराबंदीतल्या मानकऱ्यांची मिरवणूक आणि 'हर्र बोला हर्र'चा गजर एकदा तरी प्रत्यक्ष अनुभवावा. या दिवसांत मंदिर परिसरातले रस्ते वाहनांना बंद असतात, त्यामुळे हुरड्याला जायचं तर मुक्काम शहराच्या कडेला ठेवावा. फक्त पाळणे आणि खाऊ हवा असेल तर मुख्य विधी उरकल्यावर आठवड्यातली एखादी संध्याकाळ गाठावी, होम मैदानावर निवांत फिरता येतं. बार्शी रस्त्यावरचा हुरडा घेतलात तर वाटेत नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नये, पण सकाळच्या उन्हात काळविटांचे कळप आणि गवतालगत उडणाऱ्या भोवत्या (शिकारी पक्षी) दिसतात.

निघताना कच्चा सोललेला हुरडा विकत मिळतो. तो घट्ट पिशवीत भरून त्याच रात्री फ्रीझरमध्ये टाकावा. पुढे थालीपिठाला तो छान लागतो, पण आगटीची चव त्यात शोधू नये.