डास खाईल म्हणून व्हीनस फ्लायट्रॅप आणलं, १४ महिन्यांनंतर काय झालं

पानांच्या सापळ्यात किडे धरून खाणारं हे झाड मागच्या जुलैत ऑनलाइन मागवलं, ४५० रुपयांना. कारण एकच, बाल्कनीतले डास. तर आधी तेच सांगून टाकते, डास कमी झाले नाहीत. उलट कुंडीखालच्या ट्रेमध्ये पाणी साचवून ठेवावं लागतं ना, त्यातच अळ्या वळवळायला लागल्या, म्हणजे ज्यांना मारायला झाड आणलं त्यांचीच बाळंतपणं करत बसले होते मी. आता दर तीन-चार दिवसांनी ट्रे रिकामा करून घासते. डासच मारायचे असतील तर सरळ बॅट घ्या.

पहिलं झाड महिनाभरात गेलं आणि ते मीच मारलं. कुरिअरमधून बिचारं चुरगळून आलेलं, म्हणून कौतुकाने मोठ्या कुंडीत लावलं, लाल माती, शेणखत, थोडं कोकोपीट, आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी. पानं आधी पिवळी मग काळी. नंतर वाचत बसले तेव्हा कळलं की हे मूळचं अमेरिकेतल्या कॅरोलिनामधलं, विल्मिंग्टनच्या आसपासच्या ओल्या, आंबट, निकस वाळूतलं. मातीत नत्र मिळत नाही म्हणून तर ते किडे धरतं, मुळांना क्षारांची सवयच नाही. त्यामुळे गुलाबाला जे मानवतं ते सगळं याला विष.

दुसरं ऑक्टोबरमध्ये आणलं. या वेळी नुसतं पीट मॉस (कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (पांढरे हलके खडे), निम्मंनिम्मं, बाकी काही नाही. आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा २५० रुपयांचा टीडीएस मीटर घेतला, झाडाच्या निम्म्याहून जास्त किंमत, पण घ्याच. बोअरचं पाणी ४८० निघालं, आणि ज्याच्यावर माझा भरवसा होता त्या किचनमधल्या फिल्टरचं ९०, कारण चव यावी म्हणून मशीन त्यात क्षार ठेवतं. ५० च्या खाली पाहिजे. शेवटी एसीच्या नळीखाली बादली ठेवली तर १२! उन्हाळाभर ते वापरलं आणि आता पावसाचं पाणी दोन ड्रम भरून ठेवलंय.

यानंतरचा धोका म्हणजे घरचे. सासूबाई रोज चहाचा चोथा धुऊन गुलाबांना घालतात, एक दिवस त्यांनी यालाही घातला, मायेनेच. मी पळत जाऊन वरचा थर काढला. "खायला घातलं की मरतं, असलं कसलं गं झाड?" म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं.

लेकाचा उद्योग वेगळा, पेन्सिलने सापळे मिटवणं. आत बारीक केस असतात, साधारण २० सेकंदांत दोनदा धक्का लागला की पान मिटतं, एकदाच लागला तर नाही, पावसाच्या थेंबाला फसू नये म्हणून असेल. रिकामा मिटलेला सापळा एक-दोन दिवसांत उघडतो पण झाडाची ताकद वाया जाते, आणि तीन-चार वेळा असं झालं की ते पानच संपतं. मेलेली माशी घातली तर मिटल्यावर टूथपिकने बाहेरून हलकं चोळावं लागतं, कारण आत धडपड चालू राहिली तरच पाचक रस सुटतो. आणि चिकनचा तुकडा कृपया घालू नका, आम्ही घातला, सापळा कुजला आणि वास दोन दिवस गेला नाही.

ऊन भरपूर पाहिजे, आमची पूर्वेची बाल्कनी आहे, सकाळचं चार-पाच तास थेट मिळतं तेव्हा सापळे आतून लाल होतात. एप्रिल-मेमध्ये शेडनेट.

सगळ्यात विचित्र काम थंडीतलं. याला तीनेक महिने झोप लागते आणि पुण्याच्या थंडीचा काही भरवसा नाही, रात्री गारठा आणि दुपारी पंखा. म्हणून डिसेंबरात मुळं साफ करून ओल्या मॉसमध्ये गुंडाळली आणि झिप पाऊचमध्ये घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. एकदा नवऱ्याने कोथिंबीर समजून ते ओट्यावर काढून ठेवलं होतं, विळी हातात असताना वाचलं. फेब्रुवारीअखेर बाहेर काढलं तेव्हा मेलंय असंच वाटलं, मार्चमध्ये मधून हिरवा कोंब आला. नंतर फुलाचा दांडा आला तो मात्र कापला, फुलण्यात झाड थकतं.

नाद लागल्यावर अजून दोन आली. घटपर्णी टांगून ठेवलीये, हिला ट्रेमध्ये उभी करू नका, मुळं कुजतात. हिने आल्या आल्या सगळे घट वाळवले आणि चार महिने नुसती पानं दाखवली, पाऊस सुरू झाल्यावर हवेत ओल आली तेव्हा कुठे पहिला नवा घट. दुसरं ड्रोसेरा कापेन्सिस, दक्षिण आफ्रिकेतलं, आणि चिलटं-डास खरे धरतं ते हेच, पानांवर चिकट थेंब असतात, सावज अडकलं की पान हळूहळू त्याच्याभोवती वळतं. नवख्यांनी यापासून सुरुवात करावी असं माझं मत.

ड्रोसेराचेच भाऊबंद आपल्याकडेही आहेत, कासच्या पठारावर पावसाळ्यात दवबिंदू नावाचं रोपटं दिसतं. उपटून मात्र आणू नका, ते एका हंगामाचंच पाहुणं, पाऊस सरला की कुंडीतही वाळणारच.

सध्या फ्लायट्रॅपला ११ सापळे आहेत. एक सहा दिवसांपासून बंद आहे, आत काय अडकलंय आम्हालाही माहीत नाही, लेक शाळेतून आला की दप्तर न काढता आधी तिकडे जातो.