मिरजेचा तंबोरा मेलबर्नला पाठवताना गेलेले 47,740 रुपये

12 नोव्हेंबर 2024 ला आमच्या दारातून तंबोऱ्याची पेटी गेली. ती मेलबर्नला पोहोचली नाही. तंबोरा 38,000 चा, आणि तो पाठवण्यापायी वर 47,740 गेले.

लेक तिकडे गाणं शिकते. ॲपच्या तंबोऱ्याला कंटाळली, म्हणून मिरजेत करून घेतला. पंढरपूरकडचा भोपळा कारागिरांनी स्वतः निवडलेला, जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, माझ्यासमोर काढलेली. पेटी झाली 150 सेंमी लांब, 50 रुंद, 45 उंच. वजन जेमतेम 18 किलो. पण विमानाने पाठवायचं तर हे तिन्ही आकडे गुणून 5000 ने भागतात, म्हणजे साडेसदुसष्ट किलोचे पैसे. दोन कुरिअरवाल्यांनी 60,000 च्या पुढे सांगितलं. तिसरा म्हणाला, समुद्रमार्गे घरपोच, सगळं धरून 21,500. मला लोभ सुटला नव्हता. पेन्शनीत बसणारा तेवढा एकच आकडा होता.

फोनवर त्याने एकदाही मापं विचारली नाहीत. टेम्पो आला, दोघांनी पेटी उचलली, निघाले. टेप काढलीच नाही! जहाजाचं भाडं घनमीटरवर ठरतं, पेटीचं माप हेच तर त्यांचं बिल. ज्याला पेटी खरंच जहाजात चढवायची आहे, तो मोजल्याशिवाय भाव सांगेल का? माझ्या हातचा गुणाकाराचा कागद समोर टेबलावर पडला होता आणि मी त्या माणसांना चहा देत होते. हे आठवलं की अजून झोप उडते. जो माप घेत नाही, त्याला पेटीला हात लावू देऊ नका.

महिन्याने फोन. “काकू, ऑस्ट्रेलियाला लाकूड जातंय, धुरी द्यावी लागेल.” 8,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, 9,440. तिकडे कीड येऊ नये म्हणून लाकडाची तपासणी कडक असते हे खरंच आहे, म्हणून भरले. धुरीचा दाखला मागायला हवा होता. मग 16,800 डिपॉझिट, “परत मिळेल, नाही भरलं तर माल लिलावात जाईल.” तेही भरले. तिसऱ्यांदा 22,000 मागितले तेव्हा मी बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजात चढल्याची पावती, मागितलं. त्यानंतर फोन बंद.

पावती फर्मच्या नावाची, यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं. 31 वर्षं बँकेत काउंटरवर बसून लोकांना हेच सांगत आले की नाव जुळवा. पण आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात असली की माणूस भरत जातो. पावतीवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला तर खरं नाव दोन मिनिटांत दिसतं. मी तो टाकला जानेवारीत.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला. तिथे पहिला प्रश्न, पैसे कधी गेले? तीन आठवड्यांपूर्वी म्हटल्यावर पलीकडचा सूरच बदलला. संशय आला त्याच तासाला फोन करा, वाट बघू नका. बँकेत सांगितलं, व्यवहार तुम्ही स्वतः केलात. पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा “हे सिव्हिल मॅटर, ग्राहक आयोगात जा.” तिसऱ्यांदा “गोडाऊन मुंबईकडे, आमची हद्द नाही.” नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द न बघता गुन्हा नोंदवायचा असतो, हे मी, बासष्ट वर्षांच्या बाईने, छापील कागद नेऊन दाखवलं. तो कागद त्यांनी ठेवून घेतला आणि माझा अर्ज परत दिला. माझ्या तक्रारीवर साधा आवक शिक्का मारायला काय जात होतं? पेटी माझ्या दारातून उचलली, पैसे माझ्या खात्यातून गेले, मग हद्द कोणाची?

मधेच कारागिरांचा फोन आला, पोचला का म्हणून. मी “हो” म्हटलं. त्यांना खरं सांगायची हिंमत झाली नाही.

विमा वेगळा काढा आणि त्याची पॉलिसी आपल्या हातात घ्या. पलीकडच्या बंदरातला खर्च कोण भरणार ते लेखी घ्या, तोंडी “घरपोच” ला काही अर्थ नाही. पैसे फक्त फर्मच्या खात्यात.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. टेम्पोचा नंबर शेजारच्यांच्या कॅमेऱ्यात सापडला, तो जोडला आहे. “लिलावात जाईल” असा फोन तुम्हालाही आला असेल तर लाज धरून गप्प बसू नका, आपापल्या जिल्ह्यात तक्रार द्या.